लाडूचा उपास

आमच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा सापाचा आहे. म्हणजे साप त्यात राहत नाही (तेवढ्या थराला आम्ही अजून गेलेलो नाही), त्याचं जेवण राहतं. साप राहतो बैठकीत, टीव्हीच्या शेजारी, काचेच्या पेटीत, आणि त्याच्या अंगावर उबेचा एक बल्ब सदानकदा जळत असतो. तुमसरच्या थंडीत आमचे हे सकाळी कुडकुडत राईस मिलमध्ये जातात, तेव्हा साप बल्बखाली आरामात शेकत पडलेला असतो. या घरात कोणाचा काय मान आहे, हे कळायला पाहुण्यांना एवढं पुरतं.

साप माझा नाही. हे मी आल्यागेल्याला चपला काढायच्या आधीच सांगून टाकते. तो सायलीचा, माझ्या मुलीचा. सायली नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीला आहे. बाकीच्यांच्या मुली सुट्टीत घरी येताना संत्र्याची बर्फी आणतात, आमच्या मुलीने बॉल पायथन आणला! हा विदेशी जातीचा छोटा अजगर, बिनविषारी, सरकारदरबारी रीतसर नोंद केलेला. (आपल्याकडचा साप घरात पाळणं गुन्हा आहे. माझं नाव सांगून कोणी धामण धरून आणू नका!) स्वभावाने इतका भित्रा, की कोणी नुसतं शिंकलं तरी अंगाचं वेटोळं करतो, तोंड मधोमध लपवतो आणि गोल होऊन बसतो. म्हणून त्याचं नाव लाडू.

आता माझ्याबद्दल. मी आंधळगावच्या एका शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. आणि नुसती शिकवत नाही, तर दर नागपंचमीला गावोगावी जाऊन भाषणं ठोकते. साप दूध पीत नाही, साप डूख धरत नाही, सापाच्या डोक्यावर मणी नसतो! मोहाडीपासून आंबागडपर्यंत मला लोक ‘सापवाल्या बाई’ म्हणून ओळखतात. हे सगळं मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये. पुढे माझी जी फजिती झाली, ती किती उंचावरून पडून झाली हे कळावं म्हणून सांगतेय.

दिवाळी संपली आणि सायलीला हैद्राबादला तीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं. तिच्या वर्गातून ती एकटीच निवडली गेली होती. प्रश्न होता लाडूचा.

“आई, तुला जमेल ना?” तिने विचारलं.

“मी विज्ञान शिकवते,” मी म्हणाले.

“ते ठीक आहे गं. पण जमेल ना?”

या प्रश्नाचा मला जो राग आला, त्यातच पुढच्या सगळ्याचं मूळ आहे. सायलीने एक कागद लिहून दिला. गोठलेला उंदीर आधी विरघळू द्यायचा, मग कोमट करायचा, चिमट्यात धरून त्याच्यापुढे हळूच हलवायचा. जिवंत उंदीर कधीही द्यायचा नाही. मी तो कागद फ्रिजच्या दारावर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून पक्का डकवला. निघताना सायलीने माझा हात धरला. “आठवड्यातून एकदा खातो तो, रविवारी. लागोपाठ तीनदा खाल्लं नाही, तर मला लगेच फोन कर. मी प्रशिक्षण सोडून येईन. मला ह्याच्याहून काही मोठं नाही.”

“तू बिनघोर जा,” मी म्हटलं.

पहिला रविवार उजाडला. मी उंदीर बाहेर काढला, वाटीत ठेवला, विरघळवला आणि कोमट पाण्याच्या भांड्यात सोडला. एवढ्यात हे चहा मागायला स्वयंपाकघरात आले.

“अवो, हे काय करून राहिली तू?”

“उंदीर शेकून राहिली. दिसत नाही का तुमाले?”

ह्यांनी भांड्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “मी रोज मिलमदी डबा उघडतो, भाजी थंडीगार. पंचवीस वर्सं झाले. अन् सापाले कोमट करून!”

“तुमी पेटीत राहाले जा, तुमालेही देतो कोमट करून!”

उंदीर चिमट्यात धरून मी लाडूपुढे हलवला. (चिमटा पोळ्यांचा होता. आता तो पोळ्यांचा नाही.) लाडूने जीभ काढली, उंदराचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी पुन्हा हलवला. तो गोल झाला. मी उंदीर नाचवला, फिरवला, उड्या मारायला लावल्या, त्याच्याकडून सगळा कवायतीचा तास करून घेतला. लाडू गोलच. अर्ध्या तासाने माझा हात भरून आला. उंदीर आत ठेवला आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून “खाल्लं का रे बाळा?” म्हणून पाहत बसले. संध्याकाळपर्यंत उंदीर तसाच. एकदा विरघळलेला उंदीर परत गोठवता येत नाही, म्हणून तो मी गल्लीतल्या मांजरीला दिला.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. आता नियमाप्रमाणे फोन करायला हवा होता. मी केलाही. पण सायली फोनवर इतकी खुशीत होती! तिने आयुष्यात पहिल्यांदा वाघाचा दात साफ करताना पाहिला होता. ती बोलत होती, बोलत होती, आणि मग तिने विचारलं, “लाडूनं खाल्लं?”

मी म्हटलं, “खाल्लं.”

बावीस वर्षं मी प्रयोगवहीत खोटी निरीक्षणं लिहिणाऱ्या पोरांच्या वह्या भिरकावल्या आहेत. ‘जे दिसलं तेच लिहा!’ हे माझं वाक्य शाळेत पोरं माझी नक्कल करताना म्हणतात. आणि माझ्या तोंडून ते ‘खाल्लं’ लोण्यासारखं बाहेर आलं.

“कसं खाल्लं? लगेच?”

“झडपच घातली पोरी! मी घाबरलीच!”

“वा आई! तुला जमलं हं!”

ते ‘जमलं हं’ मला एवढं गोड लागलं, की पुढच्या वेळी मी लाडूने उंदराला विळखा कसा घातला, हेही सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी विळख्यांची संख्यासुद्धा सांगितली. इकडे लाडू उपाशी आणि मांजर फुगत चाललेली! दर रविवारी दुपारपासून ती आमच्या दारात पाय दुमडून बसायची. येणाऱ्या माणसाला वाटायचं मांजर आमची आहे आणि आम्ही तिला उत्तम सांभाळतो.

त्यातच शेजारच्या कुंदाकाकूंनी अंगणातून माझं बोलणं ऐकलं. मी ह्यांना दबक्या आवाजात म्हणत होते, “आजही लाडूचा उपास सुटला नाही.” (माझा दबका आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. शिक्षकांचं असंच असतं.) दुसऱ्या दिवशी काकू साबुदाण्याची उसळ आणि पेलाभर दूध घेऊन हजर!

“बाई, लाडूले कोनता उपास आहे? मायबाई, मुका जीव, पन पाहा कसा नेमानं करते!”

मी त्यांना बसवलं आणि पूर्ण तास घेतला. साप दूध का पीत नाही, सापाचं शरीर ऊर्जा कशी साठवतं, थंड रक्त म्हणजे काय, फळ्याची तेवढी कमी होती. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हनजे उपासच ना?” त्या म्हणाल्या.

“उपास नाही काकू! तो फक्त खात नाही!”

“मंग मी येकादशीले काय करतो?”

एवढं बोलून काकूंनी आवाज खाली आणला. “माया नातू असाच करे. वरनभाताले पाहून तोंड फिरवे. मी जुन्या टाकीजवळच्या मारुतीले नवस बोलली. तिसऱ्या दिवशी पोरगा ताट चाटूनपुसून मोकळा! तुमीबी बोलून पाहा.”

मी हसले. नुसती हसले असते तर चाललं असतं. मी म्हणाले, “काकू, असल्या अडाणीपणानेच आपला समाज मागे राहिला आहे.” आणि वर तो दुधाचा पेला त्यांच्या हातात परत दिला. त्यांचा चेहरा एवढासा झाला. उसळीची वाटी तेवढी ठेवून त्या गेल्या. ती उसळ मी खाल्ली, छान झाली होती, आणि तरीसुद्धा मला त्या वेळी लाज वाटली नाही. ती सगळी साठून पुढे एकदम आली.

डिसेंबर संपता संपता माझा धीर सुटला. शाळेत वर्गावर असताना मला लाडूची हाडं दिसायची. मी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात बसवून तोललं, तर वजन जवळपास पहिल्याइतकंच! मी निष्कर्ष काढला की काटा बिघडला. (मी. विज्ञान शिकवणारी.) दिवसातून वीसदा झाकण उघडायचं, त्याला उचलून पाहायचं, पाठीवरून बोट फिरवायचं, जागा बदलून पाहायची, असा माझा परिपाठच झाला.

तेव्हा ह्यांनी तोडगा काढला. “तुया तो बर्फाचा उंदीर म्हनजे शिळं अन्न. त्याले ताजं पायजे. मिलमदी उंदीर का कमी आहेत?”

सायलीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, जिवंत उंदीर कधीही नाही. मी तो कागद फ्रिजवर पाहिला. मग तोंड दुसरीकडे केलं, अगदी लाडूसारखं, आणि म्हणाले, “लहानसाच आना.”

लहानसा! ह्यांनी पिंजऱ्यातून आणलेला उंदीर तांदळावर पोसलेला, गलेलठ्ठ, मिशा ताठ, नजरेत जरासुद्धा अदब नाही. पेटीत सोडला. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. उंदराने आधी पेटीभर फेरफटका मारला. मग लाडूच्या वाटीतलं पाणी प्यायला. मग मिशा साफ केल्या. लाडू गोल! तोंड आत! उंदराने इकडेतिकडे पाहिलं, बल्बची ऊब कुठे जास्त लागते याचा अंदाज घेतला आणि सरळ लाडूच्या अंगावर चढून बसला.

“भेला,” हे हळूच म्हणाले. “अजगर उंदराले भेला!”

“काढा त्याले! चावून देईन लाडूले!”

“मी कायले काढू? तू काढ, तू विज्ञानवाली आहे!”

मी झाकण उघडून हात घातला. उंदीर माझ्या हातावरून ह्यांच्या खांद्यावर, खांद्यावरून पडद्यावर आणि पडद्यावरून कपाटाखाली गेला. तिथेच त्याने बिऱ्हाड केलं. आता आमच्या घरात एक अजगर होता जो उंदीर खात नव्हता, आणि एक उंदीर होता जो बाकी सगळं खात होता. शेवटी उंदरासाठी पिंजरा लावायची पाळी आली. कुंदाकाकू अंगणातून पाहत होत्या. रुसवा धरला असला तरी त्यांना राहवेना.

“घरात साप असून उंदराले पिंजरा?” त्या म्हणाल्या.

मी पिंजऱ्यात पोळीचा तुकडा अडकवत राहिले.

तो उंदीर चार दिवसांनी सापडला, पण तोपर्यंत त्याने माझ्या भाषणाच्या कागदाचा निकाल लावला होता. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला आमच्या भागातल्या बायकांनी समाजभवनात माझं भाषण ठेवलं होतं. मी वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘साप : समज आणि गैरसमज’. उंदराने त्यातला ‘समज’ नेमका खाल्ला. ‘गैरसमज’ तेवढा उरला.

भाषणाला आठवडा राहिला होता. सायलीचा फोन आला, “आई, एवढा छान खातोय तर चांगला वाढला असेल ना? आल्यावर बघते!” फोन ठेवला आणि मी खरंच रडले. पोरगी येणार, पेटी उघडणार, आणि तिच्यासमोर तिचा लाडू आणि माझा खोटेपणा दोन्ही एकदम येणार. लाडू गेला तर? तिने सांगितलं होतं, फोन कर. मी केला नव्हता. आईने मुलीच्या जिवापाड जपलेल्या जिवाशी असं वागावं?

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना माझी स्कूटी आपोआप जुन्या टाकीकडे वळली. (आपोआप नाही. मी वळवली.) डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळली, वर गॉगल चढवला आणि मारुतीपुढे उभी राहिले.

“मारुतीराया,” मी मनात म्हटलं, “मी तुझ्याकडे येणाऱ्यातली नाही हे तुला ठाऊक आहे. पण लाडूनं एक उंदीर खाल्ला तर तुला अकरा नारळ वाहीन. दूध नाही हं, उंदीरच. मध्यम आकाराचा.” मग गैरसमज नको म्हणून उंदराचं वजनही सांगितलं.

ही गोष्ट मी फक्त ह्यांना सांगितली आणि गळ्याची शपथ घातली. हे म्हणाले, “मी कायले कोनाले सांगू?”

हळदीकुंकवाचा दिवस रविवारचा, म्हणजे लाडूच्या जेवणाचाच. मला सकाळपासून समाजभवनात रांगोळी, तिळगूळ, वाणाच्या वाट्या या सगळ्यात हजर राहायचं होतं. ह्यांना सुट्टी होती. मी बजावलं, “उंदीर ठेवला आहे आत. दर पाच मिनिटाले झाकन उघडून पाहाचं!”

“पाहातो ना वं, जा तू.”

समाजभवन खचाखच भरलेलं होतं. कुंदाकाकू पहिल्या रांगेत. मी माईक हातात घेतला, आणि खोटं कशाला बोलू, वर्गावरच्या बाईंसारखा माझा आवाज चढला. “मैत्रिणींनो,” मी शाळेतल्या शुद्ध मराठीत सुरुवात केली, “आपल्या अज्ञानामुळे आपण एका निरुपद्रवी जिवाला देव तरी करतो किंवा वैरी तरी. साप दूध पीत नाही. सापाला नवस कळत नाही. निसर्गाचे नियम नारळ फोडून बदलत नाहीत!” टाळ्या पडल्या. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं. माणसाने इतकंही निगरगट्ट असू नये.

“नवस ही दुबळ्या मनाची...” मी एवढंच म्हणाले, आणि दार धाडकन उघडलं.

दारात आमचे हे. बनियन, त्यावर उघडं स्वेटर, एका पायात माझी चप्पल, हातात मोबाइल समोर धरलेला. दीडशे बायकांच्या हळदीकुंकवात एक पुरुष!

“अवो!” हे तिथूनच ओरडले. “खाल्लन! खाल्लन त्यानं! अडीच महिन्यानं खाल्लन! पोटात फुगारा दिसून राहिला! तुया नवस पावला वं! अकरा नारळ लागते आता मारुतीले!”

माझ्या हातातला माईक चालू. आणि त्या माईकमधून माझी बावीस वर्षांची शुद्ध मराठी बाहेर न येता सगळ्यांना हे ऐकू आलं, “कायले बोंबलून राहिले तुमी! गळ्याची शपथ घातली होती ना!”

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी दुसऱ्या तालुक्यात बदली घेऊन जगले असते. पण हे चालत चालत थेट माझ्यापर्यंत आले. मोबाइलवर व्हिडिओ कॉल सुरू होता आणि त्यात सायली होती. आनंदाच्या भरात ह्यांनी तिलाच पहिला फोन लावला होता.

“आई,” मोबाइलमधून आवाज आला आणि माईकमधून सभागृहभर पसरला, “अडीच महिन्यांनी म्हणजे? तू तर म्हणालीस तो दर वेळी खातो. विळखे मोजून सांगितलेस तू मला!”

मी माईकचं बटण शोधू लागले, ते सापडेना.

“खोटं बोललीस?”

“हो,” मी म्हणाले. दीडशे बायकांसमोर. “तू प्रशिक्षण सोडून आली असतीस गं. अन् मले जमत नाही, हे मले कबूल करवत नव्हतं.”

सायली म्हणाली, “आई, कागदाची मागची बाजू वाचलीस का?”

“मागची बाजू?”

“खाली मी ‘मागे पाहा’ लिहिलं होतं!”

मी कागद चारही कोपऱ्यांनी चिकटवला होता, ते ‘मागे पाहा’ चिकटपट्टीखाली गेलं होतं. दर परीक्षेत मी पोरांना ओरडते, ‘पान उलटून बघा रे, मागेही प्रश्न आहेत!’ मागच्या बाजूला काय लिहिलं होतं, ते सायलीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: हिवाळ्यात हे नर दोन-दोन, तीन-तीन महिने खात नाहीत; वजन टिकून असेल तर काळजी नको, मीच, तुझी सायली, फोनवर उगाच घाबरले तर मला हेच दाखव; त्याला हात लावू नको, उचलू नको, झाकण उघडून पाहू नको; उंदीर ठेव, पेटीवर कापड टाक आणि निघून जा. “कोणी पाहत असलं की तो जेवत नाही आई. लाजतो.”

“बरोबर आहे!” हे म्हणाले. “मले तो बल्ब डोळ्यावर येत होता, म्हनून मी पेटीवर दुपट्टा टाकला अन् झोपून गेलो. उठून पाहातो तं उंदीर गायब!”

म्हणजे अडीच महिने लाडू उपाशी होता तो माझ्यामुळे! मीच दिवसातून वीसदा त्याच्या ताटात डोकावत होते. मी एका रविवारी घराबाहेर गेले आणि तो पोटभर जेवला. मला लाडूची माफी मागावीशी वाटली, सायलीची मागितली, तिने “पागल आहेस तू” म्हणून हसून माफ केलं, आणि मग मी काकूंकडे वळले. माईकवरच म्हटलं, “काकू, चुकलं माझं. मी तुम्हाला अडाणी म्हणाले होते.”

काकू उठल्या. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलायचा त्यांचा हक्कच होता. पण त्यांनी माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, हातात तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, “जाऊ द्या ना बाई. जेवला ना तो, मंग झालं.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सावरले, शुद्ध मराठी गोळा केली आणि समारोप केला, “तर मैत्रिणींनो, यात नवसाचा काही संबंध नाही. कोणी न पाहिल्यामुळे तो जेवला. शास्त्र हेच सांगतं. कोणाला काही शंका?”

मागच्या रांगेतून एक हात वर आला. “बाई, कोनता मारुती म्हनला? जुन्या टाकीजवळचा का नव्या?”

“जुन्या,” मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

दीडशे बायकांनी मान डोलावली.

पुढच्या शनिवारी मी नारळ घेऊन निघाले. विज्ञान शिकवत असले तरी बोललेलं फेडावं लागतं, शिवाय हे रोज आठवण करून देत होते. तोंडाला ओढणी, डोळ्यांवर गॉगल. देवळापाशी पोहोचले, तर रांग! कडेवर न जेवणारी पोरं घेतलेल्या आया, एकीच्या दोरीला चारा न खाणारी शेळी, आणि एक म्हातारी, जिच्या सुनेला भूक लागत नव्हती. कुंदाकाकू रांग लावत होत्या.

“या बाई!” त्यांनी ओढणीतूनही ओळखलं. “अवं, बाईले समोर जाऊ द्या! त्याईच्यानंच तं सगळ्याईले कळलं!”

मला ढकलत पुढे नेलं. बावीस वर्षांत माझ्या भाषणाचा एवढा परिणाम कधी झाला नव्हता. मी मान खाली घालून अकरा नारळ ठेवले, हात जोडले आणि निघायला वळले, तसा काकूंनी माझा दंड धरला.

“बाई, आता मागं पाहू नोका हं! नवस ठेवला का सरळ निघून जाचं. कोनी पाहात असलं का जेवत नाही.”

“काकू, ते सापाचं होतं!” मी म्हटलं. “तो स्वभाव आहे त्याचा, ते शास्त्र आहे!”

“हो ना,” काकू म्हणाल्या. “शास्त्रच सांगून राहिली मी. तुमीच तं सांगतलं माईकवर.”

रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना समजावून सांगायला मी तोंड उघडलं. मग आठवलं, उद्या रविवार, उद्या लाडूच्या जेवणाची पाळी. मी तोंड मिटलं आणि गाडीपर्यंत ताठ मानेने चालत गेले, एकदाही मागे वळून पाहिलं नाही. साप बिनविषारी आहे हे खरं, पण उगाच विषाची परीक्षा कशाला घ्या!